बिनदाराचं घर

"दार कुठंय?" श्रीपाद ठेकेदार उंबऱ्यातच थांबले.

सदर बाजारापलीकडे त्यांनी शेजारी शेजारी तीन घरं बांधली होती, अगदी एकसारखी. पण एकतीस सालची मंदी. वर्षभर एकही विकलं गेलं नव्हतं. आज पहिल्या घराला गिऱ्हाईक आलं आणि सागवानी दारच गायब, नुसती चौकट उभी!

बोलावून आणलेल्या हवालदारानं चौकीदार नथ्थूचा दंड धरला.

"जरा थांबा," शरयू म्हणाली. ही श्रीपादरावांची मुलगी. शाळेतला हरवलेला पृथ्वीचा गोल तिनं गेल्या महिन्यात शोधून काढला होता, आणि तेव्हापासून ती कुणाला आवरत नव्हती. "नथ्थूभैया, काल कुठं होतास?"

"चुन्याच्या भट्टीवर, दीदी. भय्यासाहेबांनी धाडलं. मी काहून दार नेऊ? ठेवू कुठं?"

"विकायला नेलं असेल," भय्यासाहेब म्हणाले. शरयूचे हे काका. घरं दाखवायचं काम त्यांचं. "दाराला पाय फुटतात काय?"

शरयूनं चौकटीवरून बोट फिरवलं. स्क्रूची भोकं रुंदावलेली. एकात लाकडाची काडी ठोकलेली.

ती तिसऱ्या घराकडे पळाली, बाकीचे तिच्या मागोमाग. तिथं काका सकाळीच दुसरं गिऱ्हाईक बसवून आले होते. दार झकास. वरच्या फळीवर मात्र तेलकट लाल डाग.

"काका, हे दार कधी लागलं?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि आई माहेरी कधी गेली?"

"दिवाळीनंतर, महिना होऊन गेला. त्याचं काय?"

"बाबा, नव्या दाराला तेलात कालवलेलं पहिलं कुंकू कोण लावतं? आईच. ती इथं नाही, तरी या दारावर कुंकू आहे. आईनं कुंकू लावलेलं दार एकच, पहिल्या घराचं. ते हेच. गिऱ्हाईक येईल त्या घराला काका तेच लावून राहिलेत. पुन्हा पुन्हा काढून भोकं सैल झाली, म्हणून काडी. आज दोन गिऱ्हाइकं एकदम येतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग चोर पाहिजे होता."

भय्यासाहेब कट्ट्यावर बसले. "बाकी दारांचं सागवान विकलं मी. त्यावर मिस्त्र्यांची रोजची मजुरी भागवली. ते एकदा काम सोडून गेले असते तर परत आले असते का रे, श्रीपाद?"

"मला सांगायचं."

"तू होकार दिला असतास?"

श्रीपादराव पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळले. "साहेब, घर असं आहे, बिनदाराचं. दार तुम्ही करा, तेवढी किंमत कमी."

"मग आतला बाकी असलेला गिलावाही राहू द्या, तेही पैसे कमी करा," गिऱ्हाईक म्हणालं. "पुढच्या वर्षी करीन. तेवढंच जमेल मला."

"जमवू."

वर्षभरातला पहिला सौदा झाला. शरयू हसणार, एवढ्यात तिचं लक्ष नथ्थूकडे गेलं. हवालदार गेला होता, तरी तो दंड चोळत उभा होता.

"नथ्थू, विसर आता," भय्यासाहेब म्हणाले.

"मी विसरतो, साहेब. पण मला धरलं तेव्हा माझा व्याही रस्त्यावर उभा होता. मुलगी त्याच्या घरात आहे माझी."



भय्यासाहेबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "त्याचं घर दाखव," ते म्हणाले, आणि नथ्थूच्या मागून चालू लागले.