तिसऱ्या सिलिंडरची टिकटिक

मी आता जे सांगणार आहे, ते ऐकून तुम्ही मला उठून जा म्हणाल. पण खुर्ची माझी, गॅरेज माझं, त्यामुळे मी काही उठणार नाही. विश्वास ठेवा असं म्हणतंय कोण? सोलापूरच्या या विजापूर रोडवर पन्नास वर्षं इंजिनं उघडली मी. खोटं बोललो असेन ते फक्त स्वतःच्या वयाबद्दल.

गोष्ट माझ्या नातीची, भुवनेश्वरीची. ही काय, समोरच्या ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालून, आपल्याकडं पाठ करून उभी आहे ती. आता गॅरेज तीच बघते. आणि गोष्ट त्या मल्हारची. तो काय, जुन्या टायरवर बसलाय, सांगोल्याकडचा. चहावर साय धरली तरी पीत नाही. आज सकाळी आला. गाडीत काही बिघाड नाही, आवाज नाही. खाली उतरला आणि वाऱ्याला सांगितल्यासारखा म्हणाला, "रविवारी मामा मुलगी बघायला नेणार हायत. मंगळवेढ्याला."

भुवी म्हणाली, "बरं."

बस्स. तेव्हापासून ती पाने आपटतेय आणि हा कप धरून बसलाय. याला विचारायचा धीर नाही, हिला सांगायची सवय नाही. रविवार परवावर आला. म्हटलं, शेजारच्या टपरीवाल्या निंगप्पाच्या चहाला तुम्ही चार ड्रायव्हर जमलाच आहात, तर मीच सांगून टाकतो.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट, उन्हाळा नुकता तापायला लागला होता. याचा ट्रक लांबूनच ऐकू आला... टिक-टिक-टिक-टिक. काय आवाज होता म्हणता! शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांनी त्याचा ताल धरला, आणि त्या दिवशी विणलेल्या चादरींवर मोराच्या जागी कोंबडा उमटला. त्यातली एक माझ्याकडं आहे. आत्ता धुवायला टाकलीय, नाहीतर दाखवली असती.

तर ट्रक दारात थांबला. जुना, भुवीपेक्षा चार वर्षांनी मोठा. मागं डाळिंबाचे रिकामे क्रेट, आणि खाली उतरला हा उंच, सावळा, गळ्यात पिवळा रुमाल...

"मिस्त्री कुटायत?"

"बोला की."

"न्हाय, मिस्त्रींशी बोलायचं हुतं."

"मग बोला की," भुवी हात पुसत म्हणाली. "का मिशा लावून येऊ?"

ड्रायव्हर लोक हसले. हा लाजला— तुम्हाला सांगतो, रुमालापेक्षा पिवळा पडला. मग हळूच म्हणाला, "दोन ठिकाणी दाखवली गाडी. म्हणत्यात, हाफ इंजिन, म्हंजे निम्मं इंजिन खोलून नवं करावं लागंल. मामा म्हणतो, त्यापेक्षा भंगारात घाल. पण... वडलांची गाडी हाय हो. त्यांच्या मागं एवढीच ऱ्हायलीय."

भुवीनं बॉनेट उघडलं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. पहिल्या सिलिंडरवर ऐकलं, दुसऱ्यावर ऐकलं, तिसऱ्यावर आली आणि भुवई वर गेली. या पोराला वाटलं, आता ही वाईट बातमी देणार. मला मात्र दिसत होतं की तो इंजिनाकडं बघतच नव्हता. तिच्या मिटलेल्या पापणीवर डिझेलचा एक बारका ठिपका होता, तिकडं बघत होता.

"ऐका," म्हणून तिनं मूठ त्याच्या कानाशी धरली.

तो ऐकत राहिला. ऐकतच राहिला.

"झोप लागली काय?"

"आं? न्हाय... टिकटिक येतीय."

"मग काही मोडलं न्हाय. आत काही मोडलं की ठोकल्यावाणी धाडधाड वाजतं. हे नुसतं वॉल्व्हवरचं टॅपेट सैल झालंय. गाडी बंद करा. गार होऊ द्या."

"गार कशाला?"

"गरम इंजिनात लोखंड फुगलेलं असतं. टॅपेटची फट खोटी दिसते. चार तास लागतील."

"चार तास? तवर मी काय करू?"

"तुमी पण गार व्हा," भुवी म्हणाली.

आता सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चार तास कसले, इंजिन सहा तास गार होईना. निंगप्पानं रॅडिएटरच्या टोपणावर भांडं ठेवून सतरा कप चहा केला. विचारा त्याला.

"सतरा न्हाय, अज्जा," निंगप्पा तिकडून म्हणतोय, "वीस."

बघा!

त्या सहा तासांत भुवीनं डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. हा लांब बसला होता. तिनं अर्धी भाकरी मोडून न बघताच त्याच्या बाजूला धरली. त्यानंही न बघताच घेतली. अशा न बघण्यात दोघांनी एकमेकांना किती बघितलं म्हणता!

इंजिन गार झालं. झाकण काढलं. भुवीनं त्याच्या हातात मोठा पाना दिला, क्रँक फिरवायला. "फिरवा... अजून... बास! मागं नको, पुढंच." बारा वॉल्व्ह, बारा वेळा त्याला हुकूम. मग तिनं खिशातून फट मोजायची बारीक पोलादी पाती काढली, कागदासारखी, आणि वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या खाली सरकवली.

"ओढून बघा."

त्यानं ओढली. तिचं बोट तिथंच होतं. पातीबरोबर तेही त्याच्या चिमटीत आलं.

"सुळकन निघाली तर सैल. अडकली तर घट्ट. जराशी धरून निघाली पाहिजे... तशी. आता सोडा की."

"पाती?"

"माझं बोट."

मागच्या पत्र्यावर बसलेला कावळा हसला. आईशपथ हसला.

"सैल ऱ्हायलं तर काय हुतं?" यानं विचारलं. बोलणं वाढवायला, दुसरं काय.

"सैल टॅपेट नुसतं वरडतं. घट्ट टॅपेट गप बसतं आणि वॉल्व्ह जाळतं. गप बसणाऱ्याचीच जास्त भीती."

गाडी सुरू केली. मंडळी, काय सांगू, आवाजच नाही! एवढी शांत की हा तीनदा खाली उतरून बघून गेला, चालू आहे का बंद. शिट्टी वाजवत गेला सांगोल्याला. मीही म्हटलं, चला, एक गिऱ्हाईक सुटलं.

बाराव्या दिवशी... टिक-टिक-टिक.

तिसराच सिलिंडर. पुन्हा गार होईपर्यंत बसणं, पुन्हा डबा. या वेळी भुवीच्या डब्यात भाकरी चार होत्या. हा डाळिंबं घेऊन आला होता, एकेक डाळिंब निंगप्पाच्या किटलीएवढं. सोलून दाणे तिच्यापुढं ठेवले. तिचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणाली, "कशी खाऊ?" हा गडी दाण्यांची वाटी धरून अर्धा तास तसाच उभा. भरवायचं धाडस होईना, खाली ठेवायचं मन होईना. शेवटी तिनं वाटीलाच तोंड लावलं आणि हसली.

पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसराच! वाटेत पाच गॅरेजं लागतात, पण हा एकाकडं थांबला नाही. एकदा मामानं त्याला चांगलं झापलं, "ती पोरगी गाडी दुरुस्त करतीया का तुला?" आणि एकदा तर हा बिनआवाजाचीच गाडी घेऊन आला.

"आवाज येतोय," म्हणाला.

भुवीनं कान दिला. "कुटं येतोय?"

"मघाशी येत हुता."

"मग मघाशी यायचं हुतं की." पण तिनं झाकण उघडलं बरं का. सगळं तपासलं. वेळ घेऊन.

तीन महिन्यांत असं चार वेळा झालं. गेल्या खेपेला यानं माझ्याजवळ येऊन, या खुर्चीच्या पायाशी बसून विचारलं, "अज्जा, तिच्या मनात काय हाय, कळंना झालंय. टॅपेट असतं तर पाती घालून बघितलं असतं. मी बोललो आणि ती म्हणली, मी फक्त गाडी बघते... तर? मग हितं यायचं पण बंद होणार."

मी म्हटलं, "घरच्यांचं माझ्यावर सोड. आमच्यातले चार म्हातारे कुरकुरतील, तुमच्यातले चार कुरकुरतील, आठांना मी एकटा गोष्ट सांगून झोपवीन. तू तिला विचार." आज त्यासाठीच आला होता हा. आणि विचारलं काय, तर मंगळवेढ्याची मुलगी!

आता तुमच्यातला हा शिवानंद मघापासून हात वर करतोय. विचार बाबा.

"अज्जा, टॅपेट जागेवर धरणारा लॉकनट आवळलेला असताना एकच टॅपेट सारखं सारखं कसं काय सैल हुतं? कुणी तरी मुद्दाम करत असणार."

शाबास! ड्रायव्हर असावा तर असा. मुद्दामच करत होतं. आणि कोण करत होतं, तर मी! होय, मीच. पोरगा मला आवडला होता. झाकण बसवायच्या आधी भुवी हात धुवायला नळावर गेली की मी इथून उठायचो, चित्त्यासारखा. लॉकनटला जरासा पीळ उलटा, म्हणजे दहा-बारा दिवस गाडी हादरली की टॅपेट आपोआप सैल, आणि मी ती यायच्या आत परत खुर्चीत. चारही वेळा! तिला पत्ता नाही. तिच्या मनात कधी काही नव्हतंच हो. ती भली, तिचं काम भलं. भाकरी दिली ती भूक बघून. तेव्हा मल्हार, बाळा, माझ्या खोडीपायी तुझा उगाच गैरसमज झाला. तू आपला रविवारी बिनधास्त मंगळवेढ्याला जा. मुलगी चांगली असली तर तिथल्या तिथं हो म्हणून टाक, मी पेढे घेऊन...

बॉनेट धाडकन आपटलं.

"खोटं! साफ खोटं बोलताय, अज्जा!" भुवी पाना हातात घेऊन इकडंच येतेय, कानापर्यंत लाल. "चहाचा कप धरताना हात थरथरतोय तुमचा, आणि लॉकनट सोडवायला निघालाय! तो लॉकनट चारी वेळा मी ढिला ठेवलाय. मी! माझ्या हातानं, मोजून!... आणि टायरवर बसून तुमी काय बघताय तोंडाकडं? रविवारी कुटं जायचं न्हाय. गाडी हितं आणून लावायची."