नेनूचा हात

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ही ऐकीव भुताटकी नाही. माल्टातल्या बिर्गू गावात, २०१४च्या नोव्हेंबरात, भर दुपारी हे घडलंय.

विस्तीन तिथल्या भुयारात पर्यटकांना फिरवतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले की गाव तिथेच लपायचं.

त्या दिवशी गावातलीच चेट्टाआजी आली. युद्धानंतर पहिल्यांदाच.

"आजी, तुम्ही? पायऱ्या झेपतील का?"

"गप रे मेल्या. हात धर."

उतरता उतरता ती बोलू लागली.

"माझा भाऊ इथेच चेंगरला. नेनू. चार वर्षांचं पोर. मी सहाची. भोंगा झाला, माणसांचा लोंढा आला... हात सुटला रे माझ्याकडून."



शेवटच्या खोलीत त्याने नेहमीसारखा दिवा मालवला. तेव्हा लोक कसे बसत, ते कळावं म्हणून.

मिट्ट काळोख. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

मग... ठिबकणंही थांबलं.

आणि विस्तीनच्या मुठीत एक हात शिरला.

इवलासा. गारठलेला.

सोबतच्या पर्यटकांत एकही मूल नव्हतं.

"नेनू?" आजीचा आवाज आला. "आलास का रे राजा?"

विस्तीनच्या मांडीला कुणीतरी घट्ट बिलगलं... लपल्यासारखं.

"ही म्हातारी कोण? माझी ताई कुठाय?" फक्त त्यालाच ऐकू येईल अशी कुजबुज आली.

विस्तीनने धडपडत दिवा लावला.

मूठ रिकामी होती.

वर उन्हात येताच आजीने त्याची बाही धरली. "तुझा चेहरा सांगतोय. बोल."

"तो... ताई कुठाय म्हणाला."

"अरे, मी होते की तिथेच!"



आजीने स्वतःच्या सुरकुतल्या हातांकडे पाहिलं.

"ओळखलंच नाही त्याने मला," म्हणाली, आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

मग ती रोज यायची. अंधारात म्हणायची, "नेनू, मीच रे. मोठी झाले फक्त."

कुणीच आलं नाही.

हिवाळ्यात आजी गेली. विस्तीन रडला, पण मनाला म्हणाला, आता भेटली असतील भावंडं.

पुढच्या आठवड्यात त्याने दिवा मालवला.

पाणी थांबलं...

"ताई आली का?"

बायको म्हणते, सोडा ती नोकरी.

"सोडली तर त्याचा हात कोण धरणार?" विस्तीन विचारतो.

आणि ताई आता कधीच येणार नाही, हे त्या पोराला कसं सांगायचं, तेही.