पाइपाभोवतीची फट

माझी असिया गेल्याचं मला तळघरात कळलं. पेर्म शहरात त्या दिवशी इमारतींचं हीटिंग सुरू झालं होतं आणि मी, इमारतीचा प्लंबर, गरम पाण्याच्या पाइपांतली हवा काढत होतो. दवाखान्यातून फोन आला. हृदय बंद पडलं, म्हणाले. मी म्हणालो, "चूक होतेय तुमची. ती नुसती तपासणीला आलीय." त्यांनी तिचं नाव पुन्हा वाचलं. हातातला पाना मी घरापर्यंत तसाच घेऊन आलो.

खोलीत तळलेल्या मासळीचा वास होता. खालच्या मजल्यावरचा.

याच वासामुळे आम्ही भेटलो. सव्वीस वर्षांपूर्वी, हीटिंगच्या पाइपाभोवतीच्या फटीतून खालचा वास वर येतो अशी तिची तक्रार आली, म्हणून मी याच दारात उभा होतो. टोपीवर बर्फ होता. माझ्या पिशवीतला फट भरायच्या फोमचा डबा पाहून तिने नाक दाबलं.

"तो नको हं. पाइप तापला की मासळी परवडली असं होईल. डोकं चढतं माझं."

"मग दगडी लोकर ठासतो. वरून चुना. वास नाही येणार."

"आणि तुमचा?"

"माझा काय?"

"तंबाखूचा... येतोय की."

मी लोकर ठासली, चुना लावला. आठवड्याने पुन्हा बोलावणं. लोकर सुटली होती. पुन्हा भरली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा गेलो तोवर मी तंबाखू सोडली होती.

"इल्दुस फरीदोविच, एवढीशी फट बुजवता येत नाही? तुमच्याशी लग्न कोण करणार?"

कान तापले माझे. "करेल कुणीतरी... वास चालणारी."

"मासळीचा नाही चालत मला. तुमचा —" तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आता चालतो. सारखं बोलवायचा कंटाळा आलाय. इथेच राहा ना."

मी राहिलो. नंतर फट कधी उघडली नाही. तिसऱ्या वेळी हात बसला, असं मी धरून चाललो होतो.

दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "पुन्हा वास येतोय रे. आज घरी थांब. बघ जरा."

"हीटिंग सुरू होऊ दे. मग बघतो."

ती गेली त्या संध्याकाळी, पाना खाली ठेवून, मी पाइपाशी वाकून पाहिलं. लोकर सुटली नव्हती. कुणीतरी ती उकरून काढली होती. पाइपामागे तिची विणकामाची सुई पडली होती, टोकाला दगडी लोकरीचे तंतू.

तिची धाकटी बहीण नुरिया आली. माझ्या हातात सुई बघून तिचं रडणं थांबलं.

"पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"लग्नाआधी दोनदा हेच केलं होतं तिने. तुम्ही यावं म्हणून. दाजी... तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

आज तिचा चाळिसावा दिवस झाला. माणसं जेवून गेली. लोकर आणून ठेवली आहे, चुनाही आहे. फट बुजवायची राहिली आहे.