दोरीला लटकलेलं मशीन

लोक मला डॉक्टर म्हणतात. कुणाची झाडं कापायची चेनसॉ कुरकुरायला लागली की तो ती घेऊन माझ्या दुकानात येतो, आणि दुरुस्त करायची की नवीन घ्यायची हे मी मिनिटात सांगतो. उगाच नाडी बघत बसत नाही. स्टार्टरच्या दोरीची मूठ धरायची आणि मशीन लटकत सोडून द्यायचं. पिस्टन चांगला असेल तर ते टप्प्याटप्प्याने खाली येतं, टुप्... टुप्. पिस्टन गेला असेल तर धाडकन येतं. धाडकन आलं की नवीन घ्या, माझं डोकं खाऊ नका.

जे मशीन पास होतं, त्याच्या बाजूच्या झाकणात आतून मी टोकदार सळईने ‘चालेल’ असं कोरतो आणि खाली तारीख टाकतो. शेवटच्या ‘ल’ला सळई घसरते आणि एक ओरखडा उठतो. इतक्या वर्षांत ती खोड गेली नाही.

मंगळवारी सकाळी पुतणी आली. दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी अगदीच काडीपैलवान, म्हणून तिला चिमणी म्हणायचो. आता बापासारखीच झाडं पाडते, दंड माझ्याहून जाड आहेत. तिने दादाचं जुनं मशीन काउंटरवर ठेवलं. वहिनीने तीन वर्षं ते पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं होतं.

“काका, माझं मशीन साफ बसलंय. उद्या शाळेमागचं मोठं झाड पाडायचंय. आई म्हणते, नवीन घे. मला बाबांचंच हवंय. तुम्ही म्हणाल तसं.”

मी मशीनला हातही लावला नाही.

“याचा पिस्टन गेलाय,” मी म्हणालो.

“लटकवून न बघताच?”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून हेच करतोय मी. दुपारी ये.”

“बरं बाई, डॉक्टर म्हणतील ते खरं!” हसत हसत गेली.

खरं ते आता सांगतोच. तीन वर्षांपूर्वी त्या मशीनच्या ब्रेकची पट्टी झिजली होती. मशीन उसळलं की हीच पट्टी साखळीला जागच्या जागी आवळते, नाहीतर पातं सरळ माणसावर येतं. नवी पट्टी यायला आठवडा लागणार होता आणि दादाला घाई होती. मी ‘चालेल’ कोरलं आणि मशीन त्याच्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी ते उसळलं, आणि दादा घरी आला तो चार जणांच्या खांद्यावर. हात सटकला असेल, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली. आयुष्यात एकदाच केलं असं, शपथेवर सांगतो.

झाकण उघडलं. शब्द तिथेच होता, ओरखड्यासकट. कानशीने घासून घासून तो पार पुसून टाकला. मग माझं खोटं उघडं पडू नये म्हणून पिस्टनच काढला आणि समोर रॉकेलच्या डब्यात टाकला. मशीन पुन्हा जोडून ठेवलं. हात नीट धुतले, तरी चहाच्या कपाला लोखंडाचा वास येत राहिला.

दुपारी चिमणी आली ती थेट मशीनकडेच गेली. मी काही बोलायच्या आत तिने दोरीची मूठ छताच्या हुकात अडकवली आणि मशीन सोडलं.

टुप्.

वीतभर खाली आलं आणि थांबलं.

“अहो काका! पिस्टन तर ठणठणीत आहे!”

मी डब्यात बघितलं. पिस्टन रॉकेलमध्ये पडला होता. पुन्हा वर बघितलं. मशीन अधांतरी होतं. कितीही चांगला पिस्टन असला तरी मशीन असं थांबून राहत नाही, दोरी संपेपर्यंत उतरतच जातं. हे जरासुद्धा हलत नव्हतं.

“ते राहू दे,” मी कसाबसा म्हणालो. “तुला नवीन देतो. माझ्याकडून.”

शेल्फवर बारा सीलबंद खोकी होती. तिने हाताला आलं ते काढलं, चिकटपट्टी फाडली. नव्या रंगाचा वास आला. सवयीने मी झाकणाचे नट सैल केले.

आत कोरलेलं होतं, ‘चालेल’.

शेवटच्या ‘ल’ला ओरखडा. खाली दादाच्या मशीनची तारीख.

ब्रेकची पट्टी कागदासारखी झिजलेली होती.

हे अक्षर मी सकाळी याच हातांनी पुसलं होतं.

“काका, हे तुमचंच अक्षर ना?” तिने तारखेवर बोट ठेवलं. “ही तारीख... बाबा जायच्या दोन दिवस आधीची आहे.”

नाही म्हणता आलं असतं. मग ती उद्या यातलंच एखादं मशीन घेऊन झाड पाडायला गेली असती.

“पट्टी झिजली होती,” मी म्हणालो. “मला माहीत होतं. तरी दिलं.”

पाठीमागे धाडकन आवाज झाला. दादाचं मशीन दोरी संपेपर्यंत खाली आलं होतं आणि हुकाला झोके खात होतं.

चिमणी पांढरीफटक पडली होती. तिने हात लांब करून झोके खाणारं मशीन थांबवलं.

“फक्त बाबांचंच?”

“फक्त त्याचंच. तुझ्या गळ्याची शपथ, एकदाच.”

ती शेल्फकडे गेली. दुसरं खोकं काढलं, सील फोडलं, पाना स्वतःच उचलला. झाकण माझ्यासमोर धरलं.

तोच शब्द. तोच ओरखडा. तशीच झिजलेली पट्टी. तारीख मात्र वेगळी होती.

“आणि हे कुणाचं?” तिने विचारलं.

कुणाचं ते मला लगेच आठवलं. शेल्फवर अजून दहा खोकी होती.