दोन वेढ्यांची गाठ

बाईंना न्हाणीघर जुन्या घाटाचंच हवं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. पायांचा पांढरा टब राहील, उंचावरची साखळीची टाकी राहील, चार पाकळ्यांच्या मुठीचे पितळी नळही तेच राहतील. आतले झिजलेले वायसर आणि गंजलेले पाइप तेवढे बदलायचे, आणि पितळ असं घासायचं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. दोन मिस्त्र्यांनी हे ऐकून काढता पाय घेतला होता. पक्कड मात्र खूश झाला, कारण असली कामं आता शोधूनही सापडत नाहीत.

पक्कड हे त्याचं गल्लीतलं नाव. त्याच्या उजव्या मुठीत आलेली वस्तू फिरलीच पाहिजे, असा त्या हाताचा लौकिक होता. कसब बापाचं. बापाने नळाच्या जोडाला आयुष्यात कधी टेप वापरली नाही. आट्यांवर तागाचा धागा गुंडाळायचा, वर सफेद्याचा पांढरा लेप चोपडायचा, आणि धाग्याचं टोक उलटा वेढा देऊन गाठीत दाबायचं. थोरल्या मुलाने दोन वेढे द्यायचे, धाकट्याने एक. जोड गळला तर कानफटात कोणाच्या वाजवायची हे लगेच कळावं, म्हणून ही सोय. वेढा द्यायला दोन्ही हात लागत.

थोरल्याचा, म्हणजे दादाचा, उजवा हात बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी लुळा पडला तो पडलाच. पक्कडला तेव्हा जहाजावर फिटरची नोकरी लागली होती, सह्या झाल्या होत्या, बॅगही भरली होती. ती त्याने रिकामी केली आणि बापाची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. लग्न केलं नाही. दादा आणि वहिनी हाच त्याचा संसार. हे त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनातल्या मनात दिवसातून एकदा तरी काढून पाहायचा आणि त्याला बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी त्याने बेसिनचा नळ उघडला. आट्यांवर ताग होता, आणि टोकाला दोन उलटे वेढे.

तो हसला. दादाने हातात बळ होतं तेव्हा इथे कधीतरी काम केलं असणार. मग त्याने गाठीवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला सफेदा लागला, ओला. धागाही पांढराशुभ्र होता. त्याने बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की आपले वडील गेल्यापासून या खोलीत कोणी पाना लावलेला नाही. पक्कडने गाठ कापली, नवा वायसर घातला, आपला एक वेढा दिला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनचा नळ आरशासारखा चमकत होता. त्याने तो घासलेला नव्हता. त्याने जोड सैल केला. उजव्या मुठीला मुंग्या येत होत्या. वय झालं, तो स्वतःशी म्हणाला. कालच्या त्याच्या गाठीच्या जागी दोन वेढे होते.

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि जरा संकोचून म्हणाल्या, "काल तुम्ही गेल्यावर तुमचे भाऊ आले होते. हात फार छान आहे हो त्यांचा."

"काय म्हणाला तो?"

बाई आधी टाळत होत्या. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा त्या खाली बघून बोलल्या. "धाकट्याचा उजवा हात गेलाय, बावीस वर्षं मीच सांभाळतोय, म्हणाले. जीव रमावा म्हणून तुम्हाला पिशवी घेऊन येऊ देतात. माझी काही हरकत नाही. तुम्ही टबाच्या काठावर बसून असता, मला कसला त्रास?"

पक्कडचं पित्त खवळलं. दादा बरा आहे, हे त्याला एका क्षणात कळलं. बावीस वर्षं खुर्चीत बसून धडधाकट हात लुळा असल्याचं सोंग केलं, भावाच्या घामावर जेवला, आणि वर परक्या दारी जाऊन भावाचंच पुण्य आपल्या नावावर सांगितलं. ज्याच्यासाठी आयुष्य ओवाळून टाकलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. पिशवी खांद्याला लावून तो तडक घरी निघाला. वाटेत ती दोनदा घसरली.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं वळलेली. पक्कडने स्वयंपाकघरात डोकावून वहिनीला विचारलं, दादा काल बाहेर गेला होता का.

"हे कुठे जाणार?" वहिनी म्हणाली. "दिवसभर इथेच होते. मीच भरवलं."

तो दादासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, हात उचल."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत लाज नव्हती, कीव होती.

"तुझ्यासाठी मी जहाज सोडलं," पक्कड म्हणाला.

"जहाज मी सोडलं रे," दादा शांतपणे म्हणाला.

पक्कडने त्याची कॉलर धरायला हात पुढे केला.

हात आला नाही.

पिशवी जमिनीवर पडली. पाने फरशीवर घरंगळले. त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं आधीच वळलेली होती.

कोणीतरी त्याला दंडाला धरून सावकाश खुर्चीत बसवलं. खुर्ची रिकामी होती, आणि बसलेल्या माणसाच्या उबेने अजून गरम होती.

दादाने वाकून पाने गोळा केले. उजव्या हाताने, एकेक.

"टाकीची साखळी राहिलीय," तो वहिनीला म्हणाला. "संध्याकाळपर्यंत येतो."

वहिनी ताट घेऊन आली. तिने पक्कडच्या गळ्याभोवती पंचा बांधला, घास केला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून थबकली.

"अगंबाई, भावजी, रडताय?" ती म्हणाली. "बावीस वर्षांत कधी रडला नाहीत, आणि आज काय झालं?"