कुणाचंही कोकरू

म्हाकूबाईच्या कळपात पाच वर्षांत एकही कोकरू आजारी पडलं नव्हतं. हगवण नाही, तोंडखुरी नाही, साधं नाकही गळलं नव्हतं. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांवर माश्या मारत बसायची पाळी आली होती आणि म्हाकूबाईला त्यांची बिलकूल दया येत नव्हती.

ही किमया ढालपट्टीची. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत जनुकांची एक खास रांग असते. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीला ती रांग शिकवते. कुणाची रांग खमकी निघते, कुणाची लेचीपेची. डॉ. अनघा रेवंडकरांच्या प्रयोगशाळेनं हजारो रांगा पारखून एक सर्वांत चांगली रांग बांधली, तिचं नाव ढालपट्टी ठेवलं, आणि आईच्या पोटात असतानाच ती गर्भाला द्यायची रीत बसवली. तेव्हापासून या कळपातलं प्रत्येक कोकरू तीच ढाल घेऊन जन्मत होतं.

आता ढालपट्टीला माणसांसाठीही परवानगी मिळाली होती, आणि अनघाला तिसरा महिना चालू होता. तिची पहिली मुलगी अकरा दिवसांची असताना न्यूमोनियानं गेली होती. या बाळाला ढालपट्टी द्यायची, तर उद्या सही करायला हवी होती. जन्मभर आकड्यांवर विसंबलेल्या बाईला ऐनवेळी आकडे पुरेनात. म्हणून ती गाडी काढून सरळ माणदेशातल्या या माळावर आली होती.

संध्याकाळी मेंढ्या चरून परतल्या. म्हाकूबाईनं वाघर, म्हणजे कोकरांभोवतीची जाळी, उचलली. कोकरं धावली आणि जी मेंढी आधी भेटली तिच्या कासेला लागली.

"इतकं शांतपणे होतं हे?" अनघानं विचारलं.

"आता व्हतंय, ताई. पयलं ह्या वक्ताला कान किटायचं. परतेक माय हुंगून आपलंच घ्यायची, दुसऱ्याचं आलं की ढुशी! आई मेलेल्या कोकराला कुनी थारा द्यायचं न्हाई. मग एखादीचं कोकरू मेलं, की त्येचं कातडं सोलून ह्या पोरक्याच्या अंगावर बांधायचं. तवा कुठं ती मेंढी फसायची. माजा सुरा गंजला बगा आता." म्हाकूबाई मनापासून हसली.

"अंगाचा वासही त्याच रांगेवरून ठरतो, मावशी. मेंढी व्यायली की पहिल्या तास-दोन तासांत कोकराचा वास तिच्या मेंदूत पक्का बसतो. आता सगळ्यांचा वास एकच."

"म्हंजी समदीच तिची."

"हो."

"मग ब्येस झालं की!"

अनघाला बरं वाटलं. हेच तर ऐकायला ती आली होती.

म्हाकूबाईनं सवयीनं कोकरं मोजली. एक कमी होतं. "कुनाचं गेलं गं?" तिनं मेंढ्यांकडे बघून विचारलं, आणि मग स्वतःशीच मान हलवली. सगळ्या मेंढ्या निवांत रवंथ करत होत्या. पूर्वी जिचं हरवलं ती ओरडून माळ डोक्यावर घ्यायची, जिथं चुकामूक झाली तिथं जाऊन उभी राहायची. तिच्या आवाजामागं गेलं की कोकरू सापडायचं.

दोघी ओढ्याकाठानं शोधत निघाल्या. बाभळीच्या काट्यांत अडकलेलं कोकरू अनघालाच दिसलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. म्हाकूबाईनं त्याच्या पोटावरून हात फिरवला.

"काल सांजच्याला मोजल्यापास्नं हितं हाय ह्ये. पोट पाठीला लागलंय."

म्हणजे अख्खा एक दिवस त्याची उणीव कुणालाच भासली नव्हती. कळपात आणून सोडताच ते जवळच्या मेंढीला ढुसण्या देत पिऊ लागलं. मेंढीनं प्रेमानं त्याची पाठ हुंगली. बघणाऱ्याला वाटावं, हीच त्याची आई.

निघताना अनघानं धीर करून विचारलं, "मावशी, माझ्या बाळाला देऊ का?"

म्हाकूबाई तिच्यासोबत गाडीपर्यंत आली. "द्या. पोर जित्तं ऱ्हायलं पायजे, बाकी समदं मागनं." मग गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाली, "फकस्त रोज मोजत जावा."

अनघा हसली आणि दुसऱ्या दिवशी तिनं सही केली.

शाल्मली आता चार वर्षांची आहे. तिला आजवर साधी सर्दी झालेली नाही. तिच्या बालवाडीतल्या सगळ्याच मुलांना ढालपट्टी आहे. तिथं कुणी खोकत नाही, आणि न्यायला आलेल्या आया हाताशी येईल त्या मुलाचा पापा घेतात. अशी प्रेमळ बालवाडी शहरात दुसरी नाही, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे.

परवा दुपारी अनघा फाटकातून आत शिरली, तोच एक मुलगा धावत येऊन तिला बिलगला. शेजारच्या गल्लीतला मल्हार. तिनं त्याला उचललं, त्याच्या केसांत नाक खुपसलं आणि तिचा जीव सुखावला. पहिली लेक अकरा दिवसांची असताना गेली, त्यानंतर याच सुखासाठी ती तळमळली होती. ती त्याला कडेवर घेऊन झोपाळ्याकडे गेली, झोके दिले, गाणं म्हटलं. काही राहून गेलंय असं तिला एकदाही वाटलं नाही.

मग कुणीतरी तिचा पदर ओढला. तिनं खाली पाहिलं.

"आई," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी केव्हाची हाक मारतेय."