मावशीकडे जाणारी बस

समोर चार बाक रिकामे होते. चार! तरी तो माणूस माझ्याच बाकावर, माझ्या पिशवीला खेटून बसला आणि वर म्हणाला, "कुठे निघालात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकतर भर दुपार, बसस्थानकाचा पंखा नुसता कुरकुरत होता, आणि मुळात मी कुठे निघालेच नव्हते. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्या मॅडमनी (पाठीमागे सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात) मला महिनाभर या प्रतीक्षालयात बसवलं होतं. विषय : अनोळखी माणसं शेजारी बसली की कशी वागतात. पद्धत : असहभागी निरीक्षण. म्हणजे गुपचूप बघायचं, आपण कोण ते सांगायचं नाही आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही. यात पास झाले तर पुढे संशोधनाला जागा मिळणार होती, नाहीतर अख्खं सत्र पुन्हा. आणि हा शहाणा गप्पा मारायला आला होता!

"मावशीकडे," मी तोडून टाकलं.

"मी भावाला घ्यायला आलोय."

मी विचारलं होतं का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तो, पुन्हा तोच बाक.

"आज कुठे?"

"मावशीकडे."

"रोज? फारच लाघवी दिसतेय मावशी."

"आणि तुमचा भाऊ? चालत येतोय का?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी मिटतात, ओठ मग हलतात. मी हे निव्वळ निरीक्षण म्हणून टिपलं.

तो रोज संत्रं सोलायचा. एकेका फोडीवरचे पांढरे धागे काढायचा आणि अर्धं संत्रं रुमालावर ठेवून माझ्याकडे सरकवायचा.

"मला नकोय."

"मी कुठे विचारलं?"

मग ते खावंच लागायचं, अन्न वाया घालवू नये म्हणून. एकदा मी रागारागाने पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. तो मागे आला नाही. याचा मला इतका संताप आला की थोड्या वेळाने मीच परत आले.

"इथे पंख्याचा वारा लागतो," मी म्हणाले.

"हो, लागतो ना…" तो म्हणाला.

बस लागायची, सुटायची. "मावशीची बस," तो सांगायचा. "फार गर्दी आहे," मी म्हणायचे. संध्याकाळी बोटांना संत्र्याचा वास यायचा आणि मला उगाच घरच्यांवर ओरडावंसं वाटायचं. शेवटच्या दिवशी त्याला खरं सांगून टाकू, असं मी ठरवलंही होतं. पण त्या दिवशी तोच म्हणाला, "उद्यापासून मी नाही येणार."

"भाऊ आला?"

"नाही… काम संपलं."

एवढंच! नाव नाही, पत्ता नाही. त्याने रुमाल झटकला, घडी घातली आणि तो गेला.

चार दिवसांनी सेमिनार होता. आमची सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच पहिल्यांदाच एका वर्गात बसली होती. मॅडमनी संध्याकाळच्यांतला पहिला विद्यार्थी पुकारला आणि शेवटच्या बाकावरून तो उठला. तोच! मी पुढच्या मुलीच्या वेणीआड तोंड लपवलं.

"माझा विषय वाट पाहणारी माणसं," तो म्हणाला. "पद्धत सहभागी निरीक्षण. म्हणजे त्यांच्यातलंच एक व्हायचं आणि त्यांना बोलतं करायचं. बसस्थानकावर एक तरुणी रोज मावशीकडे जायला येते, पण एकही बस पकडत नाही. संघर्ष सिद्धांत लावला तर तिची घरात घुसमट होत असावी…"

मी ताडकन उभी राहिले. "मॅडम, साफ खोटं! माझ्या घरी कसलीही घुसमट नाही!"

वर्ग खो खो हसला. त्याच्या हातातला खडू पडला.

"तुम्ही इथे?"

"मी नमुना? मला बोलतं करायला संत्री सोलत होतात?"

"आणि तुम्ही तिथे काय करत होतात?"

"निरीक्षण!"

"कुणाचं?… माझं? मग मावशी?"

"मला मावशीच नाही!"

मोजपट्टीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोघांना एकच जागा दिली गेली, ही माझी चूक. ठीक आहे. आता एकमेकांना वगळा आणि उरलेलं सांगा. बाकीचे प्रवासी काय करत होते?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "गर्दी असायची…"

"कुणाची?"

"लक्ष नाही गेलं, मॅडम."

मला मनापासून आनंद झाला. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

मी आठवू लागले. एक आजोबा होते, ट्रंक घेऊन… की आजी होत्या? आठवत होती ती त्याच्या शर्टाची तुटकी गुंडी, मिटणारे डोळे आणि फोडींवरचे धागे. हे भर वर्गात सांगणार कसं?

"महिनाभरात तुम्हा दोघांना तिसरं माणूसच दिसलं नाही?" मॅडम म्हणाल्या. "नापास. पुढच्या सत्रात पुन्हा करा, आणि वेगवेगळ्या ठिकाणी."

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "माझं सत्र गेलं तुमच्यामुळे! संशोधनाची जागा गेली!"

"माझंही सत्र गेलं."

"गेलं खड्ड्यात! मला एक सांगा. ती संत्री पद्धतीत होती का?"

माझे डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला राग येत होता.

"पहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही स्वतःबद्दल काही बोलत नव्हतात. पद्धतीप्रमाणे मी दुसऱ्या दिवशी बाक बदलायला हवा होता."

"मग का नाही बदललात?"

"तुम्ही का परत आलात?"

"पंख्यासाठी."

"तो पंखा बिघडलेला होता. फिरायचा नाही, नुसता कुरकुरायचा." आता तो हसत नव्हता. "मला तुम्ही आवडता. हे कुठल्याही सिद्धांतात बसत नाही… पण आवडता."

"हे बसस्थानकावर सांगता आलं नाही?"

"नियम होता ना, आपण कोण ते सांगायचं नाही."

"माझाही तोच होता," मी पुटपुटले. "म्हणून तर… तुम्ही आवडता हे मलाही सांगता आलं नाही."

आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा समोरच्या थांब्यावर बस येऊन थांबली. त्याने विचारलं, "कुठे निघालात?"

मी सरळ बसमध्ये चढले. तो धावत मागे आला. खिडकीजवळ दोन जागा होत्या. तो बसला, माझ्या पिशवीला खेटून, आणि खिशातून संत्रं काढलं.

"सोला," मी म्हणाले. "आणि धागे नीट काढा. मी अजून चिडलेली आहे."